जाळ्यात सापडलेले शब्द

अमेरिकेतील प्राथमिक शाळेत मूल दुसरी-तिसरीत गेले की त्याच्या दप्तरातील पुस्तकांचे रूप पालटते. पानभर चित्र आणि त्याखाली दोन ओळी हा प्रकार मागे पडतो. त्याच्या जागी शंभर-दीडशे पानांचे, छोट्या प्रकरणांत विभागलेले, मधूनच एखादे रेखाचित्र असलेले पुस्तक येते. इंग्रजीत त्याला 'चॅप्टर बुक' म्हणतात. मराठीत 'बालकादंबरी' हा त्याला सर्वांत जवळचा शब्द. पण आज एक प्रकरण, उद्या दुसरे, ही रोजच्या वाचनाची जी लय इंग्रजी नावात आहे, ती आपल्या शब्दात उतरत नाही.

पालक या बदलाकडे बहुधा प्रगतीची खूण म्हणून पाहतात : मूल आता 'मोठी' पुस्तके वाचू लागले. त्याहून महत्त्वाची एक घटना मात्र नजरेआड राहते. घरातल्या, मैदानावरच्या, दूरचित्रवाणीवरच्या बोलण्यात जे शब्द सहसा येतच नाहीत, ते मुलाला याच पुस्तकांतून प्रथम भेटतात. परदेशातील मराठी घरात दोन भाषांची फारकत होते तीही याच वयात. इंग्रजीला पुस्तक मिळते. मराठीच्या वाट्याला 'जेव', 'आवर', 'झोप आता', 'बूट घाल' एवढेच उरते. पुढे दहा-बारा वर्षांच्या मुलाला मत्सर, संकोच, पश्चात्ताप यांविषयी काही सांगायचे असते तेव्हा ते इंग्रजीकडे वळते, कारण त्या भावनांचे शब्द त्याला मराठीत कोणी दिलेलेच नसतात. 'आमच्या मुलाला मराठी समजते, पण तो बोलत नाही' ही तक्रार आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात दर वर्षी ऐकू येते. तिचे एक मोठे कारण या शब्दांच्या टंचाईत आहे, असे मला वाटते.

म्हणून पुस्तकातून शब्द नेमका कसा शिकला जातो, हे समजून घेणे आपल्याला दुहेरी उपयोगाचे आहे.

एका भेटीत ओळख होत नाही

१९८८ साली डोनाल्ड हेज आणि मार्गारेट अ‍ॅरन्स या संशोधकांनी इंग्रजीतील छापील आणि बोली मजकुरांची तुलना प्रसिद्ध केली. वापराच्या वारंवारतेनुसार शब्दांची क्रमवारी लावायची आणि पहिल्या दहा हजारांच्या पलीकडचा शब्द 'विरळ' मानायचा, अशी त्यांची रीत होती. मुलांच्या पुस्तकांत दर हजार शब्दांमागे असे ३०.९ विरळ शब्द आढळले. प्रौढांसाठीच्या रात्रीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत ते २२.७ होते आणि महाविद्यालयीन शिक्षण झालेल्या प्रौढांच्या आपसांतील गप्पांत अवघे १७.३. जेवणाच्या टेबलावर दोन उच्चशिक्षित माणसे तासभर बोलत राहिली तरी शेजारी बसलेल्या मुलाच्या पदरात जेवढे नवे शब्द पडतील, त्याहून अधिक शब्द त्याच्या हातातले पुस्तक देते. यात पालकांचा दोष काही नाही. बोलताना समोरचा माणूस दिसत असतो, हातवारे असतात, 'ते हे दे रे जरा' म्हटले तरी काम भागते. छापील पानाला ही सोय नाही. तिथे शब्दालाच सगळा भार उचलावा लागतो.

मात्र शब्द भेटणे आणि शब्द आपला होणे यांत बरेच अंतर आहे. स्वॅनबॉर्न आणि दे ग्लॉपर या डच संशोधकांनी १९९९ साली अशा वीस प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सहज वाचनात जे अनोळखी शब्द येतात, त्यांपैकी साधारण पंधरा टक्केच विद्यार्थी आत्मसात करतात, असे त्यांना दिसले. उरलेले पंचाऐंशी डोळ्यांखालून निघून जातात, आणि तेही कथेला फारसा धक्का न लावता. 'पुस्तके वाचली की शब्द आपोआप येतात' हे विधान त्यामुळे अर्धेच खरे ठरते. येतात, पण फार सावकाश, आणि तोच शब्द पुनःपुन्हा भेटला तर.

याला एक उतारा आहे, आणि तो घरातच आहे. न्यूझीलंडमधील वॉर्विक एली यांनी १९८९ साली सात-आठ वर्षांच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. शिक्षकांनी वर्गात गोष्ट मोठ्याने वाचली. काहींनी नुसती वाचली. काहींनी वाचता वाचता कठीण शब्दाचा अर्थ एका वाक्यात, चित्र दाखवून किंवा सोप्या प्रतिशब्दाने सांगितला. नुसते ऐकणाऱ्या मुलांची नव्या शब्दांतील वाढ पंधरा टक्क्यांच्या आसपास राहिली. अर्थ सांगितलेल्यांची चाळीस टक्क्यांपर्यंत गेली. शब्दांच्या याद्या नाहीत, परीक्षा नाही, घोकंपट्टी नाही. ऐन प्रसंगी टाकलेले एक वाक्य, एवढाच काय तो फरक.

गोठ्यातील शब्दकोश

हे ऐन प्रसंगीचे वाक्य कसे असावे, याचा वस्तुपाठ एका बालकादंबरीतच सापडतो. ई. बी. व्हाइट यांचे 'शार्लट्स वेब' हे १९५२ साली प्रसिद्ध झालेले बावीस प्रकरणांचे पुस्तक अमेरिकेत वाढणाऱ्या पुष्कळ मुलांच्या वाट्याला तिसरी-चौथीत येते. विल्बर नावाचे डुकराचे पिल्लू हिवाळ्यात कापले जाणार आहे. गोठ्याच्या दारावर जाळे विणून राहणारी शार्लट त्याला वाचवायचे ठरवते आणि आपल्या जाळ्यात त्याच्याविषयीचे शब्द विणते. जाळ्यातले शब्द पाहून माणसे थक्क होतात आणि शेवटी पिल्लाचा जीव वाचतो.

ही शार्लट म्हणजे कोळी. मराठी वाचकाची इथेच पहिली अडचण होते. 'कोळी' पुल्लिंगी, आणि स्त्रीलिंग करावे तर 'कोळीण' म्हटल्यावर डोळ्यांपुढे टोपली घेतलेली मासेविक्रेती उभी राहते. मुलाला मराठीत गोष्ट सांगणाऱ्याने या अडचणीला वळसा घालू नये. तिच्यातच गंमत आहे. जाळे टाकून पोट भरणारे दोघे, एक समुद्रावर आणि एक छताच्या कोपऱ्यात, मराठीने एकाच नावाने ओळखावेत, ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलाला विलक्षण आवडते.

व्हाइट हे लेखनशैलीवरील 'द एलेमेंट्स ऑफ स्टाइल' या प्रसिद्ध पुस्तिकेचे सहलेखक होते. तरीही मुलांसाठी लिहिताना त्यांनी शब्द सोपे केले नाहीत; अवघड शब्द अशा पात्राच्या तोंडी दिला, जिला तो शोभतो, आणि समोर असे पात्र बसवले, ज्याला तो विचारण्याची लाज वाटत नाही. शार्लट पहिल्याच भेटीत विल्बरला 'सॅल्युटेशन्स' म्हणते. तो गोंधळतो, विचारतो. ती सांगते की हा अभिवादनाचा जरा भारदस्त प्रकार आहे. ती स्वतःला 'सेडेंटरी' म्हणवते आणि लगेच कळते की ती बराच वेळ एका जागी बसून असते. 'व्हर्सटाइल' म्हणजे काय, पोटात अंडी असणे का, असे विल्बर विचारतो. तेव्हा एका कामातून दुसऱ्या कामात सहज वळता येणे, असा अर्थ ती देते. विल्बरची ही चुकीची अटकळ मला पुस्तकातील सर्वांत शहाणी जागा वाटते. मुले अर्थ असाच लावतात : समोर जे दिसत असेल त्याला नवा शब्द चिकटवून. तो हसण्यावारी नेला नाही आणि शांतपणे दुरुस्त केला, तर पुढचा शब्द विचारायला मूल कचरत नाही.

याहूनही मोठी करामत पुढे आहे. जाळ्यात कोणता शब्द विणायचा हा या कादंबरीत जीवनमरणाचा प्रश्न आहे. टेम्पलटन नावाचा आपमतलबी उंदीर कचराकुंडीतून छापील कागदांचे कपटे आणतो. एकावर 'कुरकुरीत' या अर्थाचा शब्द असतो. शार्लट तो तात्काळ नाकारते, कारण डुकराला कुरकुरीत म्हटले तर लोकांना काय खावेसे वाटेल, हे उघड आहे. दुसरा कपटा शर्टाच्या चिठ्ठीचा : कापड आधीच आटवलेले आहे असे सांगणारा. तोही बाद, कारण विल्बर गुबगुबीत दिसायला हवा, आटलेला नव्हे. साबणाच्या खोक्यावरचा 'रेडियंट' मात्र पसंत पडतो, आणि तोही विल्बरला उड्या मारायला लावून, शब्द त्याला शोभतो का हे पाहून मगच. शब्दाला कोशातला अर्थ असतो आणि त्याच्याभोवती एक सावलीही असते, हे शिकवायला मोठ्या माणसांना व्याख्यान द्यावे लागले असते. इथे ते एका उंदराने आणलेल्या चार कपट्यांत उरकले आहे.

आता यात मराठी घराने काय करावे? माझे मत असे की मुलाचे इंग्रजी पुस्तक हे मराठीचे प्रतिस्पर्धी समजू नये. त्यातील ज्या शब्दापाशी मूल थांबले, तिथेच मराठीचे दार उघडते. अट एकच : नुसता प्रतिशब्द सांगून थांबायचे नाही.

'टेरिफिक' घ्या. जाळ्यातला हा शब्द गोठ्यातील हंसिणीने सुचवलेला. त्याचे मूळ भीतीत, 'टेरर'मध्ये आहे. भय उपजवणारा तो टेरिफिक. कालांतराने भय गळाले आणि नुसता मोठेपणा उरला. मुलाला विचारा की मराठीत असे कधी होते का. आणि मग आठवा, आपण स्वतः काय म्हणतो : 'मला ते गाणे भयंकर आवडले.' 'भयंकर' हाही भय उपजवणाराच. 'प्रचंड'मधील 'चंड' म्हणजे उग्र, आणि तरी 'प्रचंड गोड बाळ' म्हणताना कोणाला काही खटकत नाही. दोन दूरच्या भाषांनी स्वतंत्रपणे एकच वाट धरली, हे एकदा लक्षात आले की मुलाला दोन्ही शब्द कायमचे लक्षात राहतात.

'हम्बल' त्याहून सुंदर. जत्रेच्या वेळी शार्लट हा शेवटचा शब्द विणते, आणि त्याचे दोन अर्थ सांगते : गर्व नसलेला, आणि जमिनीलगतचा. दोन्ही विल्बरला लागू. लॅटिनमधील 'ह्यूमस', म्हणजे माती, या शब्दाशी त्याचे नाते आहे. मराठीतील 'नम्र' मातीतून आलेला नाही. तो 'नम्' म्हणजे वाकणे या धातूतून आला. इंग्रजी जमिनीपाशी जाऊन पोहोचली, आपण तिच्याकडे वाकलो. त्याच धातूतून 'नमस्कार' येतो आणि 'नमते घेणे'ही. भांडणाऱ्या भावंडांना 'कोणीतरी नमते घ्या' असे सांगण्याची संधी बहुतेक घरांत दिवसातून दोनदा तरी येते. तेवढ्यात शब्दाची उजळणी होऊन जाते.

'सॅल्युटेशन'ला मराठीत नेमका शब्द आहे, आणि तो आपल्याच पिढीत विस्मृतीत जाऊ लागला आहे : पत्राचा 'मायना'. 'शि. सा. न. वि. वि.' या अक्षरांची उकल 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' अशी होते, हे ऐकून मुले चकित होतात. संक्षेपांचा सोस केवळ मोबाइलवाल्यांनाच नव्हता तर. 'व्हर्सटाइल'साठी दोन शब्द देता येतात. हिऱ्याला पाडलेले पैलू मोजून 'अष्टपैलू' झाला, आणि फारसीतील 'हुनर'वरून 'हरहुन्नरी'. इंग्रजी शब्द वळण्याकडे पाहतो, एक मराठी शब्द रत्नाकडे आणि दुसरा हस्तकौशल्याकडे. 'सेडेंटरी'चे भाषांतर 'बैठे' असे करून आपल्यापैकी बहुतेकांनी स्वतःकडेच बोट दाखवले तरी चालेल. संगणकापुढचे आपले काम शार्लटच्या कामाहून फारसे निराळे नाही. तिच्या हाती निदान माशी तरी लागते.

आणि 'आटणे' सोडू नका. कापड आटते, विहीर आटते, दूध आटवतात. तिन्ही ठिकाणी काहीतरी कमी होते. बासुंदीच्या बाबतीत मात्र ते कमी होणे हवेसे असते.

मराठी पुस्तक उघडताना

इंग्रजी पुस्तकाच्या आधाराने मराठी एवढी पुढे येते. पण मराठी शब्द मराठी वाक्यात भेटल्याशिवाय मुरत नाही, आणि त्यासाठी मराठी पुस्तकच हवे. इथे अनुभवी पालकही अडखळतात, कारण पहिल्या पानावरच दहा अनोळखी शब्द निघतात. मूल कंटाळते, पालक प्रत्येक शब्द समजावत बसतात, गोष्ट तिथेच मरते.

हे दहा शब्द एका जातीचे नसतात, हे ओळखले तर निम्मे काम हलके होते. काही शब्द वस्तूंचे असतात : फडताळ, कोनाडा, शेगडी, पाणवठा, उंबरा, कंदील. ती वस्तूच मुलाने पाहिलेली नाही. भिंतीतले कपाट म्हणजे फडताळ, एवढे सांगून किंवा चित्र दाखवून पुढे जावे. हे शब्द त्याने वापरलेच पाहिजेत असा आग्रह धरू नये. न्यू जर्सीतील घरात फडताळाला कामच नाही.

दुसरी जात मनाच्या हालचालींची. हिरमुसणे, ओशाळणे, खजील होणे, भांबावणे, चडफडणे, कासावीस होणे, हेवा, खंत, हुरहुर, संकोच. यांची वस्तू प्रत्येक मुलापाशी आधीच आहे. नाव तेवढे नाही. इसाबेल बेक, मार्गारेट मॅकीओन आणि लिंडा कुकान या अमेरिकन अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर कल्पिले आहेत : रोजच्या बोलण्यातले, एखाद्या विषयापुरते पारिभाषिक, आणि या दोहोंमधला थर, जो विचारी माणसाच्या भाषेत सर्वत्र लागतो पण रोजच्या बोलण्यात क्वचित येतो. शिकवण्याचे श्रम या मधल्या थरावर खर्च करावेत, असे त्यांचे सांगणे आहे. 'हिरमुसणे' या थरातला शब्द आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात सात वर्षांच्या मुलीला तो एका गोष्टीत भेटला. पुढे पावसामुळे वाढदिवसाची सहल रद्द झाली तेव्हा तिची आई 'सॅड झालीस का' न म्हणता 'हिरमुसलीस ना?' म्हणाली. मुलीने थोडा विचार केला आणि उत्तर दिले, 'नाही, चडफडले.' हा शब्द तिला त्याच पुस्तकाच्या आधीच्या प्रकरणात मिळालेला होता. दोन भावनांमध्ये फरक करता येणे म्हणजे दोन शब्द असणे.

मराठीची एक अडचण इंग्रजीत नाही, आणि ती न ओळखल्यामुळे पुष्कळ मुले कोश कायमचा मिटून ठेवतात. पानावरचा शब्द कोशात त्या रूपात नसतो. 'देवळात' शोधणाऱ्याला 'देऊळ' ठाऊक हवे. 'पावसात'चा 'पाऊस' होतो, 'विंचवाने'चा 'विंचू', 'वाऱ्यावर'चा 'वारा'. 'भावाला' हे रूप तर 'भाऊ'चेही असते आणि 'भाव'चेही. बाजारात की घरात, हे वाक्यच सांगते. आपण जन्मभर हे सामान्यरूप न कळत करत आलो आहोत, म्हणून मुलाचा गोंधळ आपल्याला आळस वाटतो. नवे नाम सांगताना त्याचे मूळ रूप आणि लिंग एका दमात सांगावे : 'ते देऊळ, देवळात', 'तो वारा, वाऱ्यावर'. व्याकरणाचे नाव काढण्याची गरज नाही. अशा दहा जोड्या कानावर पडल्या की अकरावी मूल स्वतः जुळवते.

शब्दांची कुटुंबे हा दुसरा आधार. 'बेशिस्त' कळला की 'बेफिकीर', 'बेजबाबदार' यांचे अर्धे अर्थ हातात येतात. 'गैरसमज'वरून 'गैरसोय', 'बिनचूक'वरून 'बिनतक्रार'. इंग्रजी शाळेत शब्दांचे उपसर्ग मुलांना पद्धतशीर शिकवले जातात. तीच सवय मराठीकडे वळवायची, एवढेच.

आणि मराठीचा स्वतःचा असा एक खजिना आहे : नादावरून घडलेले शब्द. कुजबुज, पुटपुट, लगबग, चुळबुळ, सळसळ, खळखळ, गडगडाट. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, ज्या 'ट्टॉक' आवाजासाठी तीन पिढ्यांच्या लक्षात राहिला, तो आवाज कोणत्या कोशात शोधणार? हे शब्द डोळ्यांनी वाचले तर अर्धेच कळतात. मोठ्याने वाचले तर अर्थ सांगावाच लागत नाही. 'चुळबुळ' म्हणताना वाचणाराच जागेवर जरासा हलतो. मराठी बालकादंबरी मुलाच्या हाती देऊन मोकळे होण्याऐवजी ती त्याला वाचून दाखवावी, याचे माझ्या मते हे सर्वांत सबळ कारण आहे.

पुस्तकाची निवड करताना भक्तिभाव थोडा बाजूला ठेवावा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले 'श्यामची आई' अनेक घरांत पहिले मराठी पुस्तक म्हणून मुलाच्या हाती पडते. एकेका रात्रीला एकेक प्रसंग, ही त्याची रचना प्रकरणाप्रकरणाने ऐकायला अगदी योग्य. पण त्यातील जुन्या कोकणातले घर, सोवळेओवळे, सणवार हे सारे परदेशातील आठ वर्षांच्या मुलाला अपरिचित. पहिल्या जातीचे शब्द इतके दाट येतात की दुसऱ्या जातीचे हाती लागण्याआधीच दम संपतो. ते दोन वर्षांनी घ्यावे. आरंभाला भागवतांचा फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या किंवा दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे अधिक सोयीचा : मूल काय करते आहे हे कळण्यापुरती भाषा समजली तरी उरलेले प्रसंग ओढून नेतो. अमेरिकन शाळांत पाच बोटांचा एक ठोकताळा वापरतात. कोणतेही पान उघडायचे, अनोळखी शब्दाला एक बोट दुमडायचे. पाचही दुमडली तर पुस्तक तूर्त कठीण. मराठीत आपण वाचून दाखवणार असू तर दहा बोटांपर्यंत सूट द्यायला हरकत नाही.

एका प्रकरणात किती शब्दांपाशी थांबावे? दोन, फार तर तीन. तेही मधल्या थरातले, आणि प्रसंगाचा जोर ओसरल्यावर. चोर पाठीमागे लागलेला असताना 'भांबावणे' समजावणाऱ्या पालकाला मुले क्षमा करत नाहीत. आधी मुलाला अटकळ बांधू द्यावी, मग अर्थ एका वाक्यात सांगावा. आणि पुढच्या आठवड्यात तो शब्द घरातल्या बोलण्यात दोन-तीनदा मुद्दाम वापरावा. पुस्तकात तोच शब्द पुन्हा कधी येईल याची शाश्वती नसते. घरात ती आपल्या हाती असते. शब्दांची वही ठेवणाऱ्यांनी अर्थापेक्षा वाक्य लिहावे, आणि तेही मुलाचे स्वतःचे.

पालकांसाठी, आणि चौथी-पाचवीतल्या चौकस मुलांसाठी, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' विनामूल्य शोधता येतो. मोल्सवर्थचे अर्थ दीडशे वर्षांपूर्वीचे आहेत, हे ध्यानात ठेवून वाचावे. एखाद्या शब्दाचा अर्थ आज पार बदललेला आढळला तर 'टेरिफिक'ची आठवण करून द्यावी.

वस्तूंचे शब्द मात्र कोशापेक्षा माणसाकडे पाठवावेत. पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात दहा वाजलेले असतात. शनिवारी ही वेळ दोन्हीकडे निवांत. एका प्रकरणाला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. आजीने वाचायचे आणि नातवाने मध्येच थांबवून विचारायचे, असे ठरवून टाकले की 'फडताळ' म्हणजे काय हे ती सांगत नाही. त्यात लाडवांचा डबा कोणत्या फळीवर असे आणि तिथवर हात पोहोचावा म्हणून काय काय करावे लागे, ते सांगते.